पोर्शे ९११ ची शेपूट आवरताना

फोर्झा होरायझन ५ या कार रेसिंगच्या व्हिडिओ गेममध्ये १९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस घेतली, पार्ट्स टाकून बी क्लासच्या ७०० पॉइंटांच्या मर्यादेपर्यंत नेली (गेम प्रत्येक गाडीला तिच्या क्षमतेचे पॉइंट देतो, त्यावरून क्लास ठरतो), आणि लांब वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी गर्रकन फिरून उलटी तोंड करायला लागली. ब्रेकला हात लावायचीही गरज नाही, नुसता पाय उचलला तरी पुरे.

कारण सरळ आहे. इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आहे. पाय काढला की वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात आणि मागचं ते ओझं लंबकासारखं बाहेर झुलतं. पण वळणातून बाहेर पडताना तेच ओझं मागची चाकं रस्त्यात रोवून धरतं, आणि इतर गाड्या नुसती चाकं फिरवत असताना ही निघून जाते. म्हणून वजनाशी भांडायचं नाही, ते सरकतं किती झटक्यात, तेवढं आवरायचं असं ठरवलं. ऑल-व्हील ड्राइव्ह बसवली की प्रश्नच मिटतो म्हणा, पण मग ९११ कशाला घ्यायची?

ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारे) आधी बंद केले. ते चालू असले की गाडी सेटअपमुळे सावरली की कॉम्प्युटरने सावरली, हे कळत नाही. चाचणीसाठी एकच लांब वळण धरलं : तिसरा गिअर, ताशी १०० किलोमीटर, पाय स्थिर, आणि मध्यावर एकदम सोडायचा. प्रत्येक बदलानंतर हे पाच वेळा, आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते सापडत नाही.

पार्ट्समध्ये हॉर्सपॉवरचा मोह आधी टाळला. मूळ २.७ लिटरचं इंजिन २१० हॉर्सपॉवरचं आहे आणि गाडी जेमतेम हजार किलोची, त्यामुळे ताकद कमी पडत नाही. पॉइंट टायर, रेस ब्रेक, रेस स्प्रिंग, दोन्ही अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारे दांडे) आणि रेस डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) यांवर खर्च केले. हे भाग बसवल्याशिवाय ट्यूनिंगमधले निम्मे स्लायडर उघडतच नाहीत. टायरची रुंदी पुढे एक पायरी वाढवली, मागे दोन. पुढे जास्त रुंद टायर घातले की नाक वळणात चटकन घुसतं आणि मागचा भाग तितक्याच चटकन सुटतो. मूळ गाडीलाही पुढे १८५ आणि मागे २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. हाच हिशोब आपल्या पुण्यातल्या इंजिनिअरांनी नॅनोत केला होता, पुढे १३५, मागे १५५. नॅनोला हसणाऱ्या किती जणांनी तिचे टायर वाकून बघितले असतील, कोण जाणे!

मग बार. गेम पुढच्या चाकांवरच्या वजनाची टक्केवारी दाखवतो. माझ्या गाडीत ती ४० च्या आसपास होती. बारचा स्लायडर १ ते ६५ चा, म्हणून ६४ ला ०.४० ने गुणून १ मिळवला : पुढे २६.६, मागे त्याच हिशोबाने ३९.४. सुरुवात म्हणून आकडे ठीक, पण मागचा बार फारच ताठ निघाला. दोन-दोनने कमी करत ३१ वर आलो, तेव्हा मागची चाकं रस्ता धरायला लागली. स्प्रिंगचं पुढे-मागे प्रमाण मात्र साधारण दोनास तीन असंच ठेवलं.

खरी गंमत डँपरमध्ये, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये आहे, आणि चूकही तिथेच झाली. पाय काढल्यावर मागची बाजू उचलते, म्हणून मागचा रिबाउंड (स्प्रिंग ताणली जातानाचा विरोध) वाढवला, ती उचलूच नये अशा समजुतीने. गाडी आणखी लवकर फिरायला लागली! ताठ रिबाउंड चाकाला वर ओढून धरतो, आणि टायर रस्त्यावरून आणखी हलका होतो. उलट केलं : मागचा रिबाउंड ११ वरून ८, पुढचा बंप (स्प्रिंग दबतानाचा विरोध) ६ वरून ४.५. वजन तेवढंच सरकतं, पण सावकाश. स्टेअरिंग उलटं फिरवायला अर्धा क्षण मिळतो, आणि या गाडीत तो अर्धा क्षणच सगळं काही आहे.

उरलेलं काम डिफरन्शियलच्या डिसेलरेशनने (पाय काढल्यावर दोन्ही चाकं एकमेकांशी किती जखडायची, तो आकडा) केलं. शून्यावर पाय काढताच मागची दोन्ही चाकं मोकळी, शेपूट सैल. २५ वर चाचणीत पाचपैकी चार वेळा गाडी नुसती आत कलून सरळ झाली. ४० च्या पुढे ती वळणात शिरायलाच नकार देते, कात्रजच्या जुन्या घाटात भरलेला ट्रक वळवावा तसं. ३० वर थांबलो. अ‍ॅक्सिलरेशन (पाय दाबल्यावरचा तोच आकडा) ४५.

चाकांचे कोन थोडक्यात : पुढे कँबर (चाक वरच्या बाजूला आत-बाहेर किती कललंय ते) उणे १.८, मागे उणे १.२, मागची चाकं ०.१ अंश आत वळवलेली. टेलिमेट्रीत, म्हणजे गेमच्या मोजमापांच्या पडद्यावर, टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचं तापमान दिसतं. आतली कड फार तापत असेल, तर कँबर जास्त झाला. ब्रेकचा तोल पुढच्या बाजूला किंचित जास्त हवा, पण स्लायडर कुठे सरकवल्यावर पुढची चाकं आधी लॉक होतात, ते एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सोय) बंद करून एकदा स्वतः बघून घ्या.

मोठं रेस विंग (हवेच्या जोरावर गाडीची मागची बाजू खाली दाबणारा पंख) बसवलं नाही. त्याचा दाब सेट करता येतो, पण सरळ रस्त्यावर वेग खातं, आणि बदकाच्या शेपटीसारखा तो मूळ स्पॉयलर काढायला हात होत नाही.

फायनल ड्राइव्ह (सगळे गिअर एकदम लांब-आखूड करणारा आकडा) शेवटी लावला, सर्वात लांब सरळ रस्त्याच्या टोकाला पाचवा गिअर रेडलाइनच्या (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या) जरा अलीकडे राहील असा. प्रत्येक पायरीला सेटअप वेगळ्या नावाने सेव्ह करत गेलो, ‘रिबाउंड ८’, ‘डिफ ३०’ असा. मागे जायचं झालं तर आकडे आठवत बसावं लागत नाही, आणि गुरुवारी लाइट गेली तरी काम वाया जात नाही.