बशी दहा बोटांवर दिसेनाशी झाली

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत बोट चालवायला लागून मला अकरा वर्षं झाली. थंडीत पाहुण्यांना मगरी दाखवायच्या, आणि कुणाला गळाने मासे धरायचे, म्हणजे गरवायचं असेल तर पहाटे त्याला खाडीत न्यायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. रिकाम्या हाताने परतलेले दिवस पुष्कळ आहेत. ते मी विसरतो. कार्तिक वद्य नवमीचा तो रविवार मात्र डोक्यातून जात नाही. त्या दिवशी खाडीत जिताडा, म्हणजे आमच्याकडचा मोठा शिकारी मासा, होता आणि मी पाहुण्यांना त्याच्यापासून लांब घेऊन गेलो.

लोक येतात ते सुट्टी बघून. तिथी कुणी बघत नाही. आम्ही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. नवमीला नऊची पाऊणपट, म्हणजे पावणेसात. आमच्या जेटीपाशी अर्धा तास इकडेतिकडे धरला की हा हिशोब पक्का. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, पाणी उधाणाच्या, म्हणजे पुनवे-अवसेच्या मोठ्या भरतीच्या, निम्म्यानेही हलत नाही, त्यामुळे तळचा चिखल तळाला राहतो आणि पाणी निवळतं. पाऊस जाऊन महिना झाला होता. म्हणून पुण्याच्या त्या सरांना मी फोनवर सांगून टाकलं, "पाणी स्वच्छ मिळेल, या." ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून कधीही, कुठल्याही दिवशी "पाणी काच आहे" असं सांगणारे बोटवाले आमच्याकडे आहेत. मला त्यांची चीड येते. त्या दिवशी मीही पाणी न बघता, नुसत्या तिथीवर बोललो होतो.

सर पन्नाशीचे. सोबत कॉलेजात जाणारा पुतण्या. रात्रभर गाडी मारून पावणेसहाला जेटीवर हजर. मी त्याआधीच माझी बशी पाण्यात सोडली होती.

ही बशी म्हणजे पांढऱ्या इनॅमलची साधी बशी. मधोमध भोक, खाली शिसं, आणि दोरीला प्रत्येक वितीवर गाठ. ती हळूहळू सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. दर फेरीला मी वहीत लिहितो: तिथी, वेळ, वारा, बशी किती विती, काय लागलं. दुसऱ्या कुणाकडे अशी वही नाही, आणि मला तिचा अभिमान आहे. भांगाला नोव्हेंबरात बशी चार-साडेचार विती खाली जाते. त्या पहाटे टॉर्चच्या उजेडात ती दहा बोटांवर गेली. वीतभरसुद्धा नाही. वीतभराच्या आत गळाला बांधलेल्या नकली माशाला जिताडा लागल्याची माझ्या वहीत एकही नोंद नाही.

मी सरांना बशी दाखवली आणि म्हटलं, "सर, पाणी गढूळ आहे. म्हणाल तर आजचं रद्द करू, पैसे नकोत."

ते म्हणाले, "दादा, एवढ्या लांबून आलोय. तुम्ही न्याल तिकडे."

हे वाक्य मला अजून टोचतं. "तुम्ही न्याल तिकडे" म्हटल्यावर पुढचा दिवस सगळा माझ्या अकलेवर होता.

पाणी गढूळ असेल तर आम्ही मुखाकडे पळतो. त्याला कारण आहे. पावसाळ्यात घाटातली माती घेऊन गोडं पाणी उतरतं आणि जड खाऱ्या पाण्यावर थरासारखं पसरतं. खाली खारं आणि त्यातल्या त्यात स्वच्छ, वर गोडं आणि गढूळ. मीठ लागलं की मातीचे बारीक कण एकमेकांना धरतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाला बसतात. त्यामुळे दाभोळच्या, म्हणजे खाडीच्या मुखाच्या, दिशेने जावं तसं पाणी सुधारतं. अकरा वर्षांत या नियमाने मला कितीतरी दिवस वाचवून दिलेत. कोयनेच्या अवजलाची शंकाही मनात आली. वीज तयार झाली की धरणाचं पाणी घाट उतरून आमच्याच नदीत येतं आणि उन्हाळ्यातही वरच्या अंगाला गोडं पाणी कमी पडत नाही. पण ते पाणी थंड आणि नितळ असतं. म्हणून ती शंका मी सोडून दिली आणि ओहोटी लागताच बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली वळवली.

पहिली जागा खाजणाचं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या काठच्या खाऱ्या जमिनीचं, तोंड. ओहोटीला कांदळवनातलं पाणी बारीक ओहोळांनी खाडीत उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयची पिल्लं वाहत येतात आणि जिताडा तोंडाशीच दबा धरून बसतो. इंजिन दोनशे फुटांवर बंद करायचं, बांबूने बोट सरकवायची, फळीवर पाय आपटायचा नाही. सरांची फेक सुरेख होती. तिवराच्या लोंबत्या फांदीखाली वीतभर जागेत ते नकली मासा अलगद ठेवत होते. एवढं हात बसलेलं गिऱ्हाईक वर्षाला दोन-तीनच येतं.

आणि मग फांदीखालून तो आवाज आला. बद्द! जिताडा पृष्ठभागावरची कोळंबी ओढून घेतो तेव्हा असाच पोकळ आवाज येतो, कुणी रिकामं मडकं पाण्यावर पालथं मारावं तसा. पुतण्या उभाच राहिला, त्याला मी खाली बसवलं. दोन मिनिटांनी पुन्हा, थोडा डावीकडे. अर्ध्या तासात पाच वेळा. मासा आमच्यापासून वीस फुटांवर जेवत होता. गढुळात त्याला दिसत नाही असं नाही, पण शेवटची झडप घालायला तो अंगावरच्या रेषेने पाण्याचा हादरा टिपतो, आणि जिवंत कोळंबीची उडी आणि रबरी शेपटीची हालचाल यातला फरक त्याला अंधारातही कळतो. आम्ही काळा रबरी मासा लावला, मग जाड शेपटीचा, मग पोटात छर्रे खुळखुळणारा. वेग इतका कमी केला की नकली मासा चिखलावरून सरपटत होता. काही नाही.

मी म्हटलं, "सर, जिवंत कोळंबी लावू या. डब्यात आहे."

"नको, दादा. मी आमिष लावत नाही."

या तत्त्वाबद्दल मला आदर आहे. असे लोक मासा पाण्यात परत सोडतात. पण आवाज कानावर पडत असताना डब्यातली कोळंबी डब्यातच उड्या मारत राहिली, याचा त्रासही झाला. पुतण्याने शेवटी एक लावली, तर त्याला शिंगाळा मासा लागला. पक्कडीत धरून, अंगावरचे काटे चुकवत, मी त्याला जपून गळातून सोडवलं. तो काटा हाताला लागला तर दिवसभर ठणका सुटत नाही.

आठच्या सुमाराला डोलीची जाळी झाडून परतणारे एक आबा आमच्या शेजारून गेले. पाण्यात हात न घालता त्यांनी नुसतं हुंगलं आणि म्हणाले, "काय रं, आज पान्याला वास हाय. खाली कशाला चाललास?" आणि वल्हं मारत निघून गेले. मी हसून हात केला. मला वाटलं, आबा जाळ्यात अडकलेल्या कचऱ्याबद्दल बोलत असतील.

पुढच्या तीन जागा भराभर सांगतो. बुडालेल्या जुन्या धक्क्याचे खुंट, तिथे तांबोशी मासा असतो. एक खडकाळ टोक. आणखी एक खाजण. प्रत्येक ठिकाणी बशी टाकली: दहा बोटं, अकरा बोटं, पुन्हा दहा. तीन तास समुद्राच्या दिशेने उतरूनही पाणी बोटभरही सुधारलं नव्हतं. हे माझ्या वहीत कधीच घडलेलं नाही. मी मात्र आणखी खाली, आणखी खाली जात राहिलो.

पावणेबाराला चहा ओतायला वाकलो तेव्हा नाळेपाशी ठेवलेल्या बाटलीकडे लक्ष गेलं. सकाळी पुतण्याने फोटोसाठी गढूळ पाणी भरून ठेवलं होतं. वरचं पाणी निवळलं होतं आणि तळाला बोटभर गाळ बसला होता. काळा. मी झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा भपकारा आला.

घाटातली माती जांभ्याची, लाल. पावसाचं गढूळ पाणी गेरूसारखं दिसतं. आमच्या भोवतीचं पाणी सकाळपासून नाचणीच्या आंबिलीच्या रंगाचं होतं, आणि हा रंग, हा वास कांदळवनाच्या चिखलाचा. म्हणजे कुठेतरी किनारा फुटला होता. मी बशीच्या गाठी मोजल्या, पाण्याचा रंग वाचला नाही. ती बाटली चार तास माझ्या डोळ्यांसमोर उभी होती.

याहून वाईट गोष्ट लगेच लक्षात आली. ओहोटीचं पाणी खाली चाललं होतं आणि आम्हीही त्याच्याच चालीने खाली चाललो होतो. सकाळपासून आम्ही एकाच गढूळ पाण्याच्या तुकड्यात बसून होतो.

इंजिन लावलं आणि सरळ वर निघालो. सरांना काय झालं ते सांगितलं, काही लपवलं नाही. जेटी मागे टाकून वळण घेतलं तेव्हा एक वाजायला आला होता, पाणी पार उतरून ठेपलं होतं. माझी खूण असलेली वाकडी चिपी, कांदळवनातलं एक झाड, जागेवर नव्हती. ती शेंड्याकडून पाण्यात आडवी पडली होती आणि तिच्या मागचा जवळपास चाळीस फूट काठ कापल्यासारखा उभा तुटला होता. मुळं लोंबत होती, खेकड्यांची बिळं अर्धी उघडी पडली होती, आणि काळ्या चिखलाची ढेकळं अजून सुटून पाण्यात पडत होती. त्या काठावर एक मोठी मगर रोज ऊन खात पडायची, सगळे बोटवाले तिथेच पर्यटकांना घेऊन जायचे. तिचीही जागा गेली होती.

तिथून शंभर फूट वर गेलो आणि बशी टाकली. तीन विती, सव्वातीन, साडेतीन.

मी काही बोललो नाही. सरही बोलले नाहीत. त्यांनी चंदेरी नकली मासा बांधला आणि फेकायला लागले. पाणी ठेपलेलं, सगळं निपचित. सातव्या-आठव्या फेकीला पुतण्याने माझा दंड धरला. नकली माशाच्या मागे, दोन हात अंतर ठेवून, जिताडा येत होता. आठ किलोच्या आतला नव्हता, म्हणजे मादी. हे मासे तरुणपणी नर असतात आणि मोठे झाले की माद्या होतात. उन्हात तिचे डोळे तांबूस चमकले. बोटीपासून सहा फुटांवर ती थांबली, आम्हाला पाहिलं, आणि घाई न करता वळून गेली.

"पुन्हा येईल," मी म्हटलं. ती येणारही होती. पण तेवढ्यात भरती लागली, आणि खालून राखाडी पाण्याची कड सरळ रेषेत वर येताना दिसली. आधी पडलेली चिपी त्यात गेली, मग आमची बोट. स्वच्छ पाणी आमच्या वाट्याला वीस मिनिटं आलं.

सकाळी ओहोटी लागल्यावर तासभर जेटीवर चहा पीत थांबलो असतो आणि मग वर गेलो असतो, तर काठाच्या वरचं पाणी निवळत गेलं असतं, पुढचे चार तास स्वच्छ ओहोटी मिळाली असती आणि वरच्या अंगाची तीन खाजणं समोर होती. हा हिशोब मी आजवर किती वेळा मांडला, मोजलेलं नाही. सरांनी पूर्ण पैसे दिले. मी निम्मे परत करायला लागलो तर त्यांनी हात मागे घेतला. ते म्हणाले, "ती बघायला मिळाली ना." मला ते पटलं नाही. त्यांनी पैसे मासा बघायला दिले नव्हते, खाडी कळणाऱ्या माणसाला दिले होते.

काठ कशाने तुटला, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. रात्री पंप लावून वाळू ओढतात, त्याचा आवाज वाडीत सगळ्यांना ऐकू येतो आणि सकाळी कुणालाच तो ऐकू आलेला नसतो. तळाला खड्डा पडला की वरचा काठ त्यात उतरतो. 2021 च्या जुलैतल्या पुराने तो काठ आधीच खिळखिळा केला होता. आणि मगर बघायला रोज वीस-वीस फेऱ्या त्याच काठाला घासून जायच्या, त्यांची लाट त्याच मुळांवर आपटायची. त्यातल्या चार-पाच फेऱ्या माझ्या होत्या. आता मी त्या वळणावर इंजिन अगदी हळू ठेवतो. मागच्या बोटी हॉर्न मारतात.

त्या तुटलेल्या काठाच्या मागे दहा-बारा पावलांवर खाजणाचा मातीचा बांध आहे आणि बांधापलीकडे भातशेती. एकदा खारं पाणी आत शिरलं की त्या जमिनीत पीक उभं राहायला काही पावसाळे जावे लागतात. फोटो घेऊन मी एका कार्यालयात गेलो. त्यांनी विचारलं, शेत तुमचं आहे का? नाही म्हटल्यावर अर्ज शेतमालकाने करायचा, असं सांगितलं. शेतमालक मुंबईला असतात. त्यांच्या चुलतभावाकडे मी फोटो देऊन आलोय.

आबांना जेटीवर भेटलो आणि वासाचं विचारलं. ते म्हणाले, "मी तर सांगितलं होतं तुला." त्या दिवसापासून माझ्या वहीत दोन रकाने वाढलेत, रंग आणि वास. पाणी आता दोन बाटल्यांत भरून ठेवतो, एक जेटीच्या खालच्या अंगाचं आणि एक वरच्या अंगाचं, आणि त्यातला गाळ बसल्याशिवाय नांगर उचलत नाही.

आणि एक खुंटी ठोकून आलोय, तुटलेल्या कडेपासून मोजून तीन हात आत. पुढच्या उधाणानंतर गेलो तेव्हा कड आणि खुंटी यांच्यात एक हात राहिला होता.