तिकिटावर फर्स्ट क्लास असलं तरी लाउंजचं दार उघडेलच असं नाही

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ओळखीतल्या तीन-चार जणांनी मला वर्षभरात एकच प्रश्न विचारला, की अगं माझ्याकडे एअरलाइनचं वरचं कार्ड आहे, किंवा यावेळी माइल्स, म्हणजे प्रवासावर साठणारे पॉइंट्स, वापरून फर्स्ट क्लास मिळालाय, तर विमानतळावरच्या लाउंजमध्ये, त्या आरामाच्या जागेत, सगळ्यांना घेऊन जाता येतं ना? आणि दर वेळी मला ती एक संध्याकाळ आठवते.

मी, आई आणि बाबा असे तिघं निघालो होतो. तिकिटं इकॉनॉमीची, पण माझं तेव्हा कामासाठी सतत उडणं चालू होतं त्यामुळे एका एअरलाइनचं सगळ्यात वरचं स्टेटस, म्हणजे सतत उडणाऱ्यांना ती देते तो दर्जा, माझ्याकडे होतं. मधे पाच तासांचा लेओव्हर होता. मी आईला आधीपासून सांगून ठेवलेलं की काळजी करू नको, मधे गरम पाण्याने आंघोळ करता येईल, पाय पसरून बसता येईल, आणि त्या भरवशावर ती पहिल्या विमानात नीट जेवलीसुद्धा नाही. लाउंजच्या काउंटरवर गेलो, तिथल्या बाईंनी कार्ड बघितलं, तिन्ही बोर्डिंग पास स्कॅन केले आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या की तुमच्याबरोबर एकच गेस्ट येऊ शकतो. बाबा लगेच म्हणाले, "अगं तू आणि आई जा, मी बसतो इथे बाहेर, मला काय त्याचं." आई म्हणाली, "मग मी पण नाही जात." मी म्हटलं बरं, मी बाहेर थांबते, या दोघांना आत सोडा. तर तेही चालत नाही, कारण गेस्ट हा कार्डवाल्याबरोबरच आत जातो आणि कार्डवाला बाहेर पडला की गेस्टने पण निघायचं. शेवटी तिघंही गेटजवळच्या त्या मधे लोखंडी हात असलेल्या खुर्च्यांवर पाच तास बसलो, आडवं पण होता येत नाही त्यावर. आईने शाल गुंडाळून मानेखाली घेतली होती ते अजून डोळ्यासमोर आहे.

त्या बाईंची काही चूक नव्हती. नियम साइटवर स्पष्ट लिहिलेला होता, मी वाचला नव्हता. त्यानंतर मात्र मी हे नियम अभ्यासाला बसल्यासारखे वाचले, आणि आता जे कळलंय ते इथे टाकतेय.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की लाउंज विमानतळाचा असतो. काही असतात तसे, पण फर्स्ट क्लास लाउंज जवळजवळ नेहमी एअरलाइनचा असतो आणि कोणाला आत घ्यायचं ते ती एअरलाइन ठरवते. मुळात ही कल्पनाच तशी सुरू झाली. १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ॲडमिरल्स क्लब उघडला, एअरलाइनचा पहिला लाउंज म्हणून त्याचंच नाव घेतात, आणि सुरुवातीला तिथे पैसे भरून जाता यायचं नाही, कंपनी ज्यांना बोलवेल तेवढेच लोक आत. आज दारं बरीच मोकळी झालीत, क्रेडिट कार्डवर पण कितीतरी लाउंज मिळतात, पण प्रायॉरिटी पास, म्हणजे बऱ्याच लाउंजमध्ये चालणारं सभासदत्वाचं कार्ड, किंवा बँकेचं कार्ड दाखवून मोठ्या एअरलाइनच्या खऱ्या फर्स्ट क्लास लाउंजमध्ये शिरता येईल असं धरून चालू नका. तिथे मालकाचा शब्द अजून शेवटचा आहे.

मग मालक काय बघतो? एक म्हणजे आज तुम्ही कोणाच्या विमानात बसणार आहात. तिकीट एका कंपनीने विकलेलं असतं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं असतं, कोडशेअर म्हणतात ते, आणि इथेच खूप जण फसतात. फ्लाइट नंबर बघून लोक लाउंज शोधतात, पण बऱ्याच नियमांत प्रत्यक्ष विमान कोण उडवतंय हे बघितलं जातं, काही ठिकाणी तर विकणारा आणि उडवणारा दोघंही त्याच अलायन्समधले, म्हणजे एअरलाइन्सच्या एकाच गटातले, लागतात. दुसरं म्हणजे कुठल्या केबिनमध्ये बसणार आणि तिसरं म्हणजे हातातलं स्टेटस कार्ड कोणाचं आहे. या तिन्हीची सांगड बसली तरच दार उघडतं.

वनवर्ल्ड, स्टार अलायन्स आणि स्कायटीम या अलायन्सप्रमाणे बोलायचं तर वनवर्ल्डचा नियम मला सगळ्यात उदार वाटतो. एमराल्ड, म्हणजे तिथलं सगळ्यात वरचं, स्टेटस असेल तर तुम्ही इकॉनॉमीत बसलेले असलात तरी फर्स्ट क्लास लाउंज मिळतो आणि बरोबर एक गेस्ट नेता येतो, फक्त तो गेस्ट पण त्या दिवशी वनवर्ल्डच्याच फ्लाइटने जाणारा हवा. त्याखालचं सॅफायर असेल तर बिझनेस लाउंज. स्टार अलायन्समध्ये तसं नाही, तिथे गोल्ड हे सगळ्यात वरचं, आणि गोल्डवर फर्स्ट क्लास लाउंज मिळत नाही, त्यासाठी इंटरनॅशनल फर्स्ट क्लासमध्येच बसलेलं असावं लागतं. स्कायटीममध्ये सगळ्यात वरच्या एलिट प्लसवाल्यांना इंटरनॅशनल प्रवासात लाउंज आहे, पण फर्स्टच्या दारापर्यंत ते कार्ड पोचत नाही.

आणि अमेरिकेतलं तर वेगळंच प्रकरण. तिथल्या देशांतर्गत विमानांत पुढच्या मोठ्या सीट्सना फर्स्ट क्लासच म्हणतात, पण साधारणपणे त्या तिकिटावर लाउंज मिळत नाही. त्यातही एक गंमत बघा, युनायटेडचं स्वतःचं गोल्ड असलेला माणूस नुसत्या देशांतर्गत प्रवासात असेल तर त्या गोल्डवर त्याला युनायटेड क्लबमध्ये, म्हणजे त्यांच्याच लाउंजमध्ये, घेत नाहीत, पण स्टार अलायन्सच्या परदेशी एअरलाइनचं गोल्ड असलेल्याला त्याच फ्लाइटसाठी घेतात. अमेरिकन एअरलाइन्सच्या मेंबर्सचं पण साधारण तसंच. म्हणून कार्ड कुठल्या कंपनीत बनवायचं हा विचार करताना आपला प्रवास कुठल्या भागात जास्त होतो ते बघायला हवं.

आता त्याहून वरची पायरी. काही खोल्या अशा आहेत जिथे अलायन्सचं कुठलंच कार्ड चालत नाही. लंडन हीथ्रोच्या टर्मिनल ५ मधली ब्रिटिश एअरवेजची काँकॉर्ड रूम घ्या. एमराल्ड कार्डवाले तिथे जात नाहीत, त्यांना शेजारचा गॅलरीज फर्स्ट, आणि काँकॉर्ड रूम मुख्यतः ब्रिटिश एअरवेजच्याच फर्स्ट क्लासने जाणाऱ्यांसाठी. दोहाचा कतार एअरवेजचा अल सफवा पण तसाच, नुसत्या एमराल्डवर नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल ३ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सची द प्रायव्हेट रूम आहे, तिथे त्यांच्याच सुइट्स किंवा फर्स्ट क्लासचा बोर्डिंग पास लागतो, स्टार अलायन्समधल्या दुसऱ्या एअरलाइनचा फर्स्ट क्लास असला तरी त्यावर ती खोली मिळत नाही. पॅरिसला एअर फ्रान्सच्या ला प्रीमिएर या त्यांच्या फर्स्ट क्लासच्या लाउंजचंही तेच. आणि फ्रँकफर्टला लुफ्तान्साने डिसेंबर २००४ मध्ये फर्स्ट क्लाससाठी आख्खी वेगळी इमारतच उघडली, फर्स्ट क्लास टर्मिनल. बॅगा तिथेच घेतात, सिक्युरिटी तिथेच, पासपोर्ट तिथेच, एक माणूस तुमच्या मदतीला दिलेला असतो आणि वेळ झाली की गाडीतून थेट विमानाजवळ सोडतात. तिथल्या बाथटबबरोबर मिळणारं पिवळं रबरी बदक तर लोक जमवतात, दरवर्षीचं वेगळं निघतं म्हणून. पण तिथेही लुफ्तान्सा किंवा स्विस वगैरे त्यांच्या ग्रुपचा फर्स्ट क्लास नाहीतर त्यांचं सर्वात वरचं एचओएन सर्कल कार्ड पाहिजे. आणि ते निघणाऱ्यांसाठी आहे, नुसतं येऊन उतरलात तर नाही.

हे उतरण्याचं पण लक्षात ठेवा. बहुतेक लाउंज पुढची फ्लाइट बघतात. लांबच्या प्रवासात फर्स्ट क्लासने आलात आणि पुढे छोट्या विमानाने बिझनेसने जायचंय, तर काही एअरलाइन आल्या तिकिटाचा मान ठेवतात आणि काही ठेवत नाहीत, म्हणून आधीच्या फ्लाइटचा बोर्डिंग पास टाकून देऊ नका, जवळ ठेवा.

एक सांगायचंच आहे. रद्द करून पैसे परत मिळतील असं तिकीट काढायचं, लाउंजमध्ये जेवायचं आणि घरी जायचं, असे सल्ले काही लोक देतात. कृपया करू नका. सिंगापूरमध्ये तर उडायचा विचारच नसताना नुसतं विमानतळाच्या प्रवाशांसाठीच्या आतल्या भागात जाण्यासाठी बोर्डिंग पास वापरणं हा गुन्हा आहे, २० हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तिथे खरोखर अटका होतात.

आता आत काय मिळतं. फोटोंमध्ये शॅम्पेन दिसते, पण तेवढ्यावर जाऊ नका. बिझनेस लाउंज आणि फर्स्ट लाउंज यात मला जाणवलेला खरा फरक म्हणजे बिझनेसमध्ये तुम्ही ताट घेऊन रांगेत उभे राहता आणि फर्स्टमध्ये कोणीतरी येऊन विचारतं. बसून मेन्यूतून मागवता येतं, थोडंसंच हवं असेल तर थोडंसंच देतात. सिडनीचा क्वांटासचा फर्स्ट लाउंज यासाठी प्रसिद्ध आहे, २००७ मध्ये उघडला, डिझाइन मार्क न्यूसनचं, आत हिरव्या झाडांची उभी भिंत, आणि स्पा. बँकॉकला थाई एअरवेज फर्स्ट क्लासवाल्यांना तासाभराचा मसाज देते. हाँगकाँगला कॅथे पॅसिफिकच्या द पिअर फर्स्टमध्ये झोपायला छोट्या खासगी खोल्या आहेत. दुबईला कॉनकोर्स ए या गेट्सच्या इमारतीत, जी ए३८० या दुमजली विमानांसाठीच बांधलेली आहे, एमिरेट्सचा फर्स्ट क्लास लाउंज एवढा लांबलचक आहे की बऱ्याच गेट्सना तिथूनच थेट विमानात चढता येतं, खाली गर्दीत उतरावंच लागत नाही. ज्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी ही सोय कुठल्याही जेवणापेक्षा मोठी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पा किंवा झोपायची खोली हवी असेल तर आत शिरल्या शिरल्या पहिलं काम म्हणजे काउंटरवर नाव देणं. जेवून मग बघू म्हणालात तर संपलं, रात्रीच्या फ्लाइट्सच्या वेळी सगळे स्लॉट भरलेले असतात. शॉवरचं पण तसंच.

मी पुढची काही वर्षं माइल्स खर्चच केले नाहीत, साठवत गेले, आणि गेल्या वर्षी आई-बाबांची दोन तिकिटं फर्स्ट क्लासची काढली, माझं बिझनेसचं. मुद्दाम असं केलं. फर्स्ट क्लासच्या प्रवाशाला त्या लाउंजमध्ये स्वतःचा हक्क असतो आणि त्या एअरलाइनमध्ये एक गेस्ट नेता येतो, म्हणजे यावेळी गेस्ट मी. आधी दोनदा ईमेल करून खात्री करून घेतली आणि तो ईमेल प्रिंट काढून जवळ ठेवला, लागला नाही पण ठेवला.

काउंटरवरच्या मुलाने आईचं नाव वाचून तिला नमस्कार केला आणि आमच्याबरोबर चालत आतपर्यंत आला. आईने आधी शॉवर घेतला. आत मोठे जाड टॉवेल, गरम केलेली फरशी, कंगवा-ब्रश सगळं वेगवेगळ्या छोट्या डब्यांत, आणि बसून आंघोळ करता येईल असं स्टूल. ते स्टूल मी आधी मागितलं नव्हतं, तिच्या हातातली काठी बघून त्यांनीच आणून ठेवलेलं. बाबांचा शर्ट पहिल्या फ्लाइटमध्ये पार चुरगळला होता, एक बाई तो घेऊन गेल्या आणि वीस मिनिटांत इस्त्री करून हँगरवर आणून दिला, वरचं सैल झालेलं बटण पण शिवून. बाबा ते बटण बराच वेळ बोटाने चाचपून बघत होते.

अशा लाउंजमध्ये सहसा फ्लाइटच्या घोषणा होत नाहीत, शांतता राहावी म्हणून, तेव्हा वेळ स्वतः बघावी लागते किंवा आधी सांगून ठेवावं लागतं. मी सांगून ठेवलं होतं. बाबांना दिलेल्या खोलीत ते गाढ झोपले होते, त्या मुलाने हळूच दार वाजवलं, मी आत गेले तर आई त्यांच्या पायाशी बसून खिडकीतून विमानं बघत होती, मला म्हणाली, "अजून दहा मिनिटं झोपू दे ना त्यांना." मी त्या मुलाकडे बघितलं, त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, पंधरा मिनिटं आहेत.