बीपी आहे, वजनं उचलायची आहेत आणि मध्येच खांदा दुखतोय

बीपीचं निदान झालं की घरातून, शेजारून आणि कधीकधी दवाखान्यातूनही एकच वाक्य ऐकू येतं: आता जड काही उचलू नका. हे ऐकून आलेला माणूस त्याच संध्याकाळी लिफ्ट बंद म्हणून वीस लिटरचा पाण्याचा जार तिसऱ्या मजल्यावर नेतो. भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे १४.२ किलो गॅस आणि वर साधारण तेवढंच लोखंड, ओट्याखाली सरकवतो. आणि हे सगळं दात आवळून, श्वास कोंडून करतो. मुंबईत जड उचलणं कुणाला चुकत नाही. तेव्हा ते नीट उचलायला शिकावं, आणि त्यासाठी व्यायामशाळेसारखी दुसरी जागा नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी श्वासाचं बोलू. श्वास कोंडून जोर लावला की छातीच्या पिंजऱ्यातला दाब एकदम चढतो आणि तो थेट धमन्यांवर येतो. त्याच वेळी आवळलेले स्नायू त्यांच्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या पिळून धरतात. वाट अरुंद आणि हृदयाचा जोर वाढलेला, अशी दुहेरी कोंडी होते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात धमनीत नळी घालून हे मोजलं गेलं, अहवाल १९८५ सालचा. पाच बॉडीबिल्डरांनी दोन्ही पायांनी लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलायचं मशीन) मारला, तेव्हा सरासरी शिखर ३२०/२५० होतं. एकाचा आकडा ४८०/३५० च्या पुढे गेला. हे निरोगी तरुण होते आणि चढ काही क्षणांचाच होता. ज्याचा बसल्या जागीचा दाब आधीच १६० आहे, त्याने त्यावर हा डोंगर का चढवायचा?

या मोजण्यांतून दोन गोष्टी व्यायामशाळेत घेऊन जाण्यासारख्या आहेत. वजन एकदा उचलून परत आणणं म्हणजे एक रेप, आणि न थांबता मारलेल्या रेप्सचा एक सेट. दाब सेटच्या शेवटच्या रेप्समध्ये सर्वांत वर असतो, त्यामुळे मध्यम वजनाचा पण फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढची रेप निघेनाशी होईपर्यंत, ओढलेला सेट एखाद्या जड रेपपेक्षाही दाब जास्त चढवू शकतो. आणि वजन खाली ठेवलं की काही सेकंदांत दाब नेहमीच्याही खाली घसरतो. डेडलिफ्टनंतर, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून उभं राहिल्यावर, डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. लेग प्रेस झाल्यावर टुणकन उठू नका. अर्धा मिनिट बसून घोटे वरखाली हलवा, मग उभे राहा.

आता मोजणं. इथे इतक्या चुका होतात की अर्ध्या लोकांना आपला खरा आकडा माहीतच नसेल असं वाटतं. मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध. मशीनसोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. वजनं मारणाऱ्याचा दंड ३५ असला तर हाच पट्टा आकडा खोटाच वर दाखवतो, आणि बीपी नसलेल्या माणसाच्या मागे गोळी लागू शकते. अशा दंडाला ३२ ते ४२ चा मोठा पट्टा लागतो. लघवी करून या, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम यांतलं काही नको. स्टेशनचा पूल चढून घरी आल्याआल्या पट्टा बांधणं तर मुळीच नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी आहे असं धरतात, दवाखान्यात तीच रेषा १४०/९० ची. व्यायामानंतर मोजून खूश होऊ नका, कारण त्यानंतर काही तास दाब उतरलेला असू शकतो.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये वजनांच्या व्यायामासाठी मर्यादा दिल्या, त्या अजूनही कामाच्या आहेत. बसल्या जागी १८०/११० च्या वर असेल तर वजनांना हात नाही. १६०/१०० च्या वर असेल तर आधी डॉक्टर, गोळ्यांनी दाब खाली आणणं, आणि तोवर शिवाजी पार्कला किंवा जवळच्या मैदानात चालणं. त्याखाली असेल तर हलक्या वजनाने सुरुवात करता येते. छातीत दुखणं, आधीचा हृदयविकार, डोळ्याच्या पडद्याचा मधुमेही आजार, धमनीचा फुगा किंवा हर्निया असेल, तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय काहीच सुरू करायचं नाही.

सेट कसा मारायचा? दहा-पंधरा रेप्स निघतील असं वजन घ्या आणि अजून तीन निघाले असते असं वाटतं तिथे थांबा. जोर लावताना श्वास बाहेर, वजन परत आणताना आत. ऐकायला सोपं, पण आठव्या रेपला सगळे विसरतात. यावर हमखास उपाय म्हणजे मोठ्याने मोजणं. डंबेल वर ढकलताना "आऽठ" म्हणा, आकडा पूर्ण हात सरळ होईपर्यंत लांबवा. आवाज येतोय तोवर घसा उघडा आहे, आणि घसा उघडा आहे तोवर श्वास कोंडलेला नाही. ज्या रेपला आकडा घशात अडकतो आणि नुसतं "हं" निघतं, तो शेवटचा. लोक बघतील म्हणून लाजायचं कारण नाही, आखाड्यात बैठका मोठ्यानेच मोजतात. मूठही पाहा. लेग प्रेसला बाजूच्या दांड्या पांढऱ्या पडेपर्यंत आवळण्याने पायांना काही मिळत नाही, दाब मात्र वाढतो. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं. डोकं खाली आणि पाय वर असलेला डिक्लाइन बेंच सोडून द्या, त्याने मिळतं ते सगळं सपाट बाकावर मिळतं.

दाब कमी करण्याच्या कामात एक व्यायाम फारच स्वस्त आहे. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २०२३ साली २७० चाचण्यांचा एकत्र आढावा आला. त्यात स्थिर धरून ठेवायच्या व्यायामांनी वरचा आकडा सरासरी आठने आणि खालचा चारने उतरला, इतर सर्व प्रकारांपेक्षा जास्त. त्यातलाच एक म्हणजे भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं. दोन मिनिटं धरायचं, दोन मिनिटं विश्रांती, असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. दोन मिनिटं टिकत नसेल तर पाठ भिंतीवर थोडी वर सरकवा, मांड्या जमिनीला समांतर असायलाच हव्यात असं नाही. इथेही बोलत राहायचं. पहिल्या मिनिटातच वाक्य तुटायला लागलं तर तुम्ही फार खाली बसलाय.

गोळ्यांचं थोडक्यात. मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉल चालू असेल तर ठोके वर जात नाहीत, म्हणून घड्याळावरच्या ठोक्यांवर भरवसा ठेवू नका, दम किती लागतोय ते पाहा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ऑक्टोबर आणि मे जपून. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जात राहतं. पण म्हणून रोज ओआरएसची पुडी फोडू नका. तिच्या एका लिटरात २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय सायट्रेटमधलं सोडियम वेगळं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा एकूण ५ ग्रॅम मिठाची. तासाभराच्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. प्री-वर्कआउटच्या (व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीच्या) डब्यावरचं कॅफिन वाचा. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिन आणि रोजच्या काढ्यातलं ज्येष्ठमध हेही दाब वाढवू शकतात. ताकदीसाठी क्रिएटिनची पावडर घेत असाल तर मूत्रपिंडाची रक्ततपासणी करताना डॉक्टरांना सांगा, त्याने क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम ज्यावरून पाहतात तो) आकडा वर दिसू शकतो.

खरी भीती मला एका वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि तिच्याबद्दल व्यायामशाळेत कुणी बोलत नाही. खांदा दुखतो, माणूस केमिस्टकडे जातो, पेनकिलरची पट्टी घेतो आणि सकाळ-संध्याकाळ गिळून व्यायाम चालू ठेवतो. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं मूत्रपिंडात मीठ आणि पाणी अडवून ठेवतात. दाब चढतो आणि बीपीच्या गोळीचा परिणाम बोथट होतो. मग "गोळी लागू पडत नाही" म्हणून डोस वाढतो, आणि मूळ कारण पँटच्या खिशातच राहतं. घरातली बीपीची पट्टी उलटी करून वाचा. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही एकाच गोळीत असतील (नावापुढे बहुतेकदा "एच" असतो), तर त्यावर पेनकिलर म्हणजे मूत्रपिंडावर तिहेरी मार, घामाने पाणी कमी झालेल्या दिवशी तर जास्तच. "मी फक्त पॅरासिटामॉल घेतो" म्हणणाऱ्यानेही पट्टी वाचावी, कारण अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास मिळते. नुसतं पॅरासिटामॉल दोन दिवस ठीक. पण एडिनबर्गमधल्या २०२२ च्या चाचणीत बीपीच्या ११० रुग्णांना दोन आठवडे रोज ४ ग्रॅम दिल्यावर वरचा आकडा सुमारे ५ ने वाढला होता. जागेवर लावायचं जेल रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळे खांद्या-गुडघ्यासाठी आधी ते.

गोळीने दुखणं दाबून व्यायाम करण्यात आणखी एक तोटा आहे. दुखणं हेच आपलं मोजमाप असतं, तेच बंद पडतं. शून्य ते दहात तीनपर्यंतचं दुखणं व्यायामात चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीइतकंच उरलं पाहिजे. सकाळी वाढलेलं असेल तर वजन किंवा सेट कमी करा. सगळंच बंद करायची वेळ क्वचित येते. खांद्यासाठी बाक सोडून जमिनीवर पडून प्रेस मारा, म्हणजे डंबेल छातीवरून वर ढकला, कोपर जमिनीला टेकतं आणि खांदा मागे ओढला जात नाही. डंबेल असा धरा की तळवे एकमेकांकडे राहतील. गुडघ्यासाठी खुर्चीपर्यंतची बैठक, खाली जाताना तीन सेकंद. कंबर भरली तर झोपून राहू नका, चाला. कंबरदुखीसोबत लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. सेटमध्ये छाती दाबल्यासारखी झाली, विजेसारखं डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, तर वजन तिथेच सोडून १०८.

पावसाळ्यात पोट बिघडलं की सिप्रोफ्लॉक्सासिन घेणारे पुष्कळ आहेत. या गटातल्या औषधांनी स्नायूबंध तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः टाचेमागचा, साठीनंतर किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल तर अधिक. ती चालू असताना दोरीच्या उड्या आणि जड वजनं बंद ठेवा. टाचेमागे दुखू लागलं तर डॉक्टरांना लगेच कळवा.

आणि खांद्याच्या हिशेबात लोकल धरा. बोरिवली ते चर्चगेट उभ्याने, डोक्यावरचं हँडल एकाच हाताने धरून, गाडीच्या प्रत्येक धक्क्याला खांदा वर ओढला जातो, दिवसातून दोनदा. व्यायामशाळेत आपण त्या खांद्याला जपतो आणि गाडीत तो विसरतो. दुखऱ्या हाताने हँडल धरू नका. कोपर कमरेजवळ ठेवून सीटची कड किंवा दाराजवळचा उभा खांब धरा, बॅग पुढे घ्या. तीन आठवडे एवढं सांभाळा आणि मग पाहा जमिनीवरच्या प्रेसचं वजन वाढवता येतं का.