सहानुभूतीला पाचपैकी किती गुण द्यायचे?

अनेक वर्षे गणित शिकवल्यानंतर काही महिन्यांपूर्वी मी एक वेगळेच काम स्वीकारले. विद्यार्थ्यांशी लेखी संवाद साधून गणित शिकवणारी एक संगणकप्रणाली तयार होत आहे, आणि तिची उत्तरे शिक्षकाच्या नजरेतून तपासण्यासाठी आम्हा काही जणांना बोलावले आहे. पडद्यावर विद्यार्थ्याचे बोलणे आणि त्याखाली प्रणालीने तयार केलेली दोन उत्तरे येतात. त्यांतले चांगले कोणते ते सांगायचे, शिवाय अचूकता, स्पष्टता आणि सहानुभूती या तीन रकान्यांत एक ते पाच गुण द्यायचे. बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते ते असे की आमचे गुण थेट त्या उत्तराला मिळत नाहीत. आमच्या हजारो निवडींवरून ‘माणसाला काय आवडेल’ याचा अंदाज बांधणारे दुसरेच एक मॉडेल शिकवले जाते, आणि मग मूळ प्रणालीला त्या मॉडेलची मर्जी राखायला लावले जाते. म्हणजे आम्ही घाईघाईने जे पसंत करू, तोच पुढे तिचा स्वभाव होतो.

ज्या प्रकरणामुळे हे लिहायला बसले, ते दिसायला अगदी साधे होते. एका मुलाने १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी केली होती. प्रणालीने उत्तर चुकल्याचे सांगताच त्याने लिहिले, “मी मठ्ठच आहे. मला गणित कधीच येणार नाही.”

पहिले उत्तर असे होते: तुला किती वाईट वाटत असेल हे मी समजू शकतो, अपूर्णांक भल्याभल्यांना अवघड जातात, अजिबात काळजी करू नकोस. त्यानंतर छेदांचा लसावि ६, मग ३/६ अधिक २/६ बरोबर ५/६, आणि शेवटी “शाब्बास!” शाब्बास कशाबद्दल, ते मला अजून कळलेले नाही, कारण सगळे गणित प्रणालीनेच सोडवले होते. दुसरे उत्तर जेमतेम दोन ओळींचे होते: “तू वरच्या आकड्यांची वर आणि खालच्यांची खाली बेरीज केलीस. आता मला एवढेच सांग, २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?”

मी दुसरे निवडले आणि सहानुभूतीच्या रकान्यात त्याला पाच गुण दिले. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी पहिले निवडले होते, आणि सहानुभूतीत दुसऱ्याला एक किंवा दोन गुण दिले होते. एवढी तफावत पडली की ते प्रकरण बैठकीत चर्चेला येते.

त्या दोन ओळींविषयी मला जरा विस्ताराने सांगू द्या, कारण असा प्रश्न सुचायला शिक्षकाची काही वर्षे खर्ची पडतात. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणे हा मूर्खपणा नव्हे. पूर्ण संख्यांच्या बेरजेत मुरलेला हात हेच करणार. इतकेच नव्हे, तर एका चाचणीत दोनपैकी एक आणि दुसरीत तीनपैकी एक प्रश्न बरोबर आला, तर एकूण पाचपैकी दोन बरोबर आले, हे म्हणणे अगदी योग्य आहे. मुलाने रोजच्या व्यवहारातली एक खरी रीत चुकीच्या जागी वापरली होती. “मोठे की लहान?” या प्रश्नाला उत्तर देताना त्याला स्वतःलाच दिसले असते की अर्ध्यात काहीतरी मिळवले आणि बेरीज अर्ध्यापेक्षा कमी आली, म्हणजे कुठेतरी पाणी मुरते आहे. स्वतःची चूक स्वतःला सापडली, तर ‘मी मठ्ठ आहे’ या वाक्याला आतून तडा जातो. बाहेरून केलेल्या समजुतीने तो जात नाही. शिवाय दुसऱ्या उत्तराने ‘मठ्ठ’ या शब्दाला हातही लावला नव्हता. भर वर्गात मुलगा असे काही बोलून बसतो, तेव्हा तो शब्द उचलून सगळ्यांसमोर न धरणे हीदेखील माया असते.

बैठकीत एका ज्येष्ठ सरांनी मला विचारले, “बाई, पोर रडकुंडीला आले आहे आणि तुम्ही त्याला आणखी एक प्रश्न विचारता?” सरांविषयी मला आदर आहे, पण माझा संशय असा की आमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती उत्तरे विद्यार्थ्याच्या जागी बसून वाचलीच नव्हती. दिवसभर पडद्याकडे पाहून शिणलेल्या मोठ्या माणसाला स्वतःला जे ऐकायला आवडेल, तेच त्यांना मुलासाठी योग्य वाटले. शिक्षक प्रशिक्षणांतून ‘प्रोत्साहनपर वाक्यांच्या’ याद्या वाटण्याची जी पद्धत आहे, तिचाही यात वाटा आहे.

सरांना मी मानसशास्त्रज्ञ सँड्रा ग्रॅहॅम यांच्या १९८४ च्या प्रयोगाविषयी सांगितले. कोडी सोडवताना अपयश आलेल्या सहावीच्या मुलांपैकी ज्यांच्याविषयी प्रयोगकर्तीने सहानुभूती दाखवली, त्यांनी आपल्या अपयशाचे कारण ‘आपली कुवतच कमी’ असे लावण्याकडे अधिक कल दाखवला. मोठ्यांची कीव मुलांना बरोबर वाचता येते. आपल्याकडून फारशी अपेक्षा उरलेली नाही, हे ती त्यातून ताडतात. मेरी बड रो यांचे संशोधन तर प्रत्येक शिक्षकाने स्वतःवर आजमावून पाहावे असे आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला, की मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, असे त्यांना आढळले. आमच्या प्रणालीला मात्र थांबणे ठाऊक नाही. मूल लिहीपर्यंत ती गप्प असते खरी, पण ते तिचे थांबणे नव्हे, कारण पुढच्या उत्तरात ती सगळेच सांगून मोकळी होते.

मुलाला प्रत्यक्षात पहिले उत्तर गेले होते. त्यावर त्याने “ओके, थँक्यू” लिहिले आणि संवाद बंद केला. प्रणालीने त्याची नोंद ‘समाधानी’ अशी केली. ‘थँक्यू’ म्हणून सुटका करून घेणारी मुले कोणत्या शिक्षकाला ठाऊक नाहीत? एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीच्या एका मॉडेलमधील बदल मागे घेतले, कारण ते वापरणाऱ्यांची वारेमाप खुशामत करू लागले होते. तात्कालिक पसंतीला जास्त महत्त्व दिले गेले, असे कंपनीनेच म्हटले होते. आमच्या ‘समाधानी’ या शिक्क्यात मला त्याच दुखण्याची लहान आवृत्ती दिसते.

त्याच मुलाची पुढची नोंद काढून पाहिली, तेव्हा त्याने १/३ आणि १/४ यांची बेरीज २/७ केलेली होती. मी ती बैठकीसमोर ठेवली. सर म्हणाले, “पण बाई, तो परत आला ना? तुमच्या प्रश्नानंतर आलाच असता, याची खात्री देता?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. चूक तशीच राहिली हे खरे, आणि मूल परत आले हेही तितकेच खरे.

शेवटी प्रणाली घडवणाऱ्या तरुण अभियंत्याने रास्त मागणी केली: “मॅडम, तुम्हाला जे अभिप्रेत आहे ते नियम म्हणून लिहून द्या.” मी लिहिले की एका वेळी एकच प्रश्न विचारावा, न केलेल्या कामाचे कौतुक करू नये, आणि भावनेविषयी बोलण्याआधी मुलाच्या हाती एक पायरी द्यावी. तासाभरातच दुसरी एक जोडी समोर आली. एका मुलीची सगळी उत्तरे बरोबर होती आणि दोन गणितांच्या मध्ये तिने लिहिले होते, “घरी कोणी माझ्याशी बोलत नाही. सोडा, पुढचे गणित द्या.” एका उत्तराने तिला पुढचे गणित दिले होते, तेही नेमक्या आणि सुंदर प्रश्नासह. माझ्या नियमांप्रमाणे ते उत्तम ठरले असते. वर्गात मी असे वाक्य ऐकले असते तर सगळ्यांसमोर काहीच बोलले नसते. तास संपल्यावर वह्यांचा गठ्ठा शिक्षकखोलीपर्यंत पोहोचवायला तिला सोबत नेले असते आणि वाटेत बोलले असते. चालताना एकमेकांकडे पाहावे लागत नाही, त्यामुळे मुले बोलतात. प्रणालीपाशी अशी वाट नाही. तिने फार तर हातातले गणित बाजूला ठेवावे, ऐकून घ्यावे आणि विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाचा रस्ता दाखवावा.

मग मुलांचे चेहरे आणि आवाज वाचणारी यंत्रणा जोडावी, अशीही एक सूचना आली. चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येते या गृहीतकालाच संशोधकांनी आव्हान दिले आहे, आणि युरोपीय संघाच्या कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून शिक्षणसंस्थांत अशा यंत्रणांना वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता मनाई केली आहे. मला ती मनाई योग्य वाटते. पाळत ठेवल्याशिवाय मूल समजत नसेल, तर न समजलेले बरे.

आता आमच्या तक्त्यात थोडा बदल झाला आहे. उत्तर वाचून लगेच गुण न देता विद्यार्थ्याची पुढची कृतीही पाहायची, म्हणजे त्याने पुन्हा प्रयत्न केला की नुसता निरोप घेतला. सरांची हरकत कायम आहे. प्रयत्नाला गुण मिळू लागले, तर खरोखर थकलेल्या मुलालाही प्रणाली मदत न देता प्रश्नांनी पिदडत राहील, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला खोडून काढता आलेले नाही. त्या मुलीच्या जोडीत दोन्ही उत्तरे मला नापसंत होती, पण ‘दोन्ही नकोत’ असा पर्याय तक्त्यात नाही. तो द्यावा, असे मी शेऱ्यात लिहिले आहे, आणि मुलीचा संवाद मानवी शिक्षकाकडे तातडीने सोपवण्याची सोय कुठे आहे, असे त्याखाली विचारले आहे.