चांदीचा पेला

रॉबर्ट एगर्सचा ‘द विच’ (२०१५) लोकांनी भयपट म्हणून पाहिला. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात तो कुटुंबकलह म्हणून पाहिला गेला, आणि मला वाटतं सासूबाईंचं बरोबर होतं.

काळ १६३० च्या आसपासचा, अमेरिकेतली इंग्रजांची वसाहत, न्यू इंग्लंड. धर्माच्या बाबतीत गावापेक्षा आपण जास्त कडक, या ताठ्यापायी विल्यमला वस्तीतून हाकलतात. बायको आणि चार पोरं घेऊन तो जंगलाच्या कडेला घर बांधतो. तिथे जन्मलेलं पाचवं, तान्हं बाळ गायब होतं, तेही थोरली थॉमसिन त्याच्याशी भोज्जा करत असताना. चेटकीण आहे की नाही याचा घोळ दिग्दर्शक ठेवतच नाही, ती लगेच दाखवतो. म्हणजे प्रश्न तो नाहीच.

प्रश्न पोटाचा. मका काळा पडलाय (भुट्ट्याच्या किसावर वाढलेल्या इंदूरकराला ते कणीस बघवत नाही), शिकार साधत नाही. विल्यमने सापळ्यांसाठी बायकोचा, तिच्या वडिलांकडून आलेला चांदीचा पेला गुपचूप विकलाय. ती पेला शोधते, संशय थॉमसिनवर घेते, आणि हा देवभक्त माणूस समोर बसून गप्प! “सांग ना मेल्या, तूच विकलास म्हणून!” सासूबाई टीव्हीवर ओरडल्या. चेटकिणीला त्या एकदाही ओरडल्या नव्हत्या.

मला मात्र सफरचंद जास्त लागलं. बाप मुलाला, केलेबला, घेऊन जंगलात सापळे बघायला जातो. आई जाब विचारते तेव्हा बापाला वाचवायला केलेब थाप मारतो, सफरचंदं शोधत होतो. पुढे तोच पोरगा झपाटलेल्या अवस्थेत तोंडातून अख्खं सफरचंद बाहेर काढतो. उगाच दचकवणं नाही. इतकी नेमकी पटकथा भयपटांत क्वचित सापडते.

जुळी भावंडं अतिशय कर्कश आहेत. काळा बोकड, ब्लॅक फिलिप, सगळ्या नटांना पुरून उरतो. मार्क कॉर्वेनचं संगीत दोन-तीन ठिकाणी उगाच चढतं.

बघणार असाल तर दुपारी बघू नका. चित्रण बहुतेक नैसर्गिक उजेडात आणि मेणबत्त्यांवर आहे, खिडकीतून ऊन आलं की पडद्यावर नुसता काळोख. आणि सबटायटल्स लावाच. बरेच संवाद त्या काळच्या कागदपत्रांतून उचललेले आहेत, ते नुसत्या कानांनी कळत नाहीत.