गंगोत्री रोडवर गाडी कुठं थांबवायची नाही (नागपूर ते गंगोत्री)

नागपुरातला मे महिना काय असतो ते सांगायला नको, शाळेला सुट्या लागल्या की अर्धं शहर पहाडात पळतं, आम्हीपण पळालो. रूट सोपा आहे, इथून दिल्लीपर्यंत ट्रेन, मग ऋषिकेश, चंबा, उत्तरकाशी आणि पुढं हर्सिल-गंगोत्री. चारधामचं रजिस्ट्रेशन घरूनच ऑनलाइन करून निघा. उत्तरकाशीला मुक्काम टाकाच, तिथून गंगोत्री जवळपास १०० किलोमीटर, पण समृद्धीवरचे १०० वेगळे आणि हे वेगळे.

सोबत आमचे साडूभाऊ, जिऑलॉजी शिकवणारे, त्यामुळं पोट्टे सेल्फीत आणि हे दगडात. पण गंगोत्रीच्या रोडवरच्या धराली गावात काय झालं ते त्यांच्यामुळंच नीट समजलं भाऊ. ५ ऑगस्ट २०२५ ला खीर गाड नाल्यातून मलबा आला आणि बाजार, हॉटेलं सगळं काही सेकंदांत गेलं. इस्रोच्या सॅटेलाइट फोटोत साचलेला ढीग अंदाजे २० हेक्टरचा दिसला होता. रोडवरून एवढा अंदाज येत नाही, त्यासाठी समोरच्या काठावर मुखबा गावात जा, हिवाळ्यात गंगामाईची मूर्ती तिथंच असते.

याला पूर म्हणू नका, हा दगडमातीचा लोंढा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आपल्याकडं घराघरांत गाळ राहिला, पण खोलीएवढे दगड कोणाच्या हॉलमध्ये आले नव्हते. पहाडातला लोंढा सिमेंट रोडसाठी मिक्सरमधून ओततात त्या ओल्या काँक्रीटसारखा चालतो, म्हणून एवढाले दगड बुडत नाहीत, उलट वर आणि पुढं येतात. वर नाला अरुंद, उतार खडा, तिथं वर्षानुवर्षं साचलेला दगडगोटा भिजून तुडुंब झालेला असतो, त्यावर लोंढ्याचं वजन पडलं की मधलं पाणी दाबलं जातं, दगडांची एकमेकांवरची पकड सुटते आणि नाल्याचा तळच उचलून निघतो, कधीकधी खालचा खडक उघडा पडेपर्यंत. त्यामुळं वर छोटा सुरू झालेला लोंढा खाली येईस्तोवर कितीतरी पट फुगतो. आणि जिथं नाला मोकळा होतो, उतार कमी होतो, तिथं पुढचे मोठे दगड अडकून थांबतात, दोन्ही बाजूला दगडांचे बांध पडतात, मागचा पातळ चिखल मग त्याला वाट्टेल तिकडं वळतो.

अशाच जुन्या लोंढ्याच्या ढिगात रोडसाठी जेसीबीनं कापलेल्या कडेला साडूभाऊंनी आम्हाला उभं केलं. थर नाहीतच, बारीक मातीत लहानमोठे कोनदार दगड कसेही अडकलेले. खाली भागीरथीच्या पात्रातले गोटे मात्र गुळगुळीत, एकावर एक, एकाच बाजूला कललेले. एकदा हा फरक डोळ्यात बसला की रोडभर असे जुने ढीग ओळखू येतात, आणि लय ठिकाणी त्यावरच हॉटेल बांधलेलं आहे.

कारण पहाडात सपाट जागा तीच मिळते ना! म्हणून बुकिंग करताना मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून बघा, मागून नाला उतरत असेल तर ती रूम स्वस्त असली तरी सोडा. जुलै-ऑगस्ट टाळा. वर पाऊस आहे आणि नाल्याचं पाणी अचानक कमी झालं, नाहीतर एकदम गढूळ झालं, नाहीतर जमीन थरथरून घरघर ऐकू आली, तर व्हिडिओ काढू नका, नाल्याच्या दिशेनं खाली पळू नका, बाजूच्या चढावर चढा. एक मोठा लोंढा गेला म्हणून लगेच परतही येऊ नका, एकामागून एक येतात. ड्रायव्हर म्हणतो इथं चहा घेऊ आणि जागा नाल्याच्या तोंडाशी असेल तर सरळ सांगा, भैया, थोडा आगे.

कॅश उत्तरकाशीतच काढा, परतीचं तिकीट एक दिवस हातात ठेवून करा, रोड बंद पडला की दिल्लीची गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. हर्सिलचा राजमा मात्र घ्याच, आपल्याकडच्यापेक्षा लवकर शिजतो.