मानगुटीवर बसणारा विग: आमची वाटचाल

आमच्या दुकानाची सुरुवात टोपांनी झाली. विग हा शब्द तेव्हा गिऱ्हाइकाच्या तोंडी नव्हता. नाटकवाल्यांना टोप लागायचा आणि बायकांना गंगावन. गंगावन वेणीत गुंफलं की वेणीच त्याला धरून ठेवते. टोप मात्र कपाळाला स्पिरिट गमने, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या राळेने, चिकटवायचा. तीन तासांचा प्रयोग, पडदा पडला की स्पिरिटचा बोळा फिरवला आणि टोप उतरला. एवढ्याशा वेळासाठी टोप डोक्याला नीट बसतो का, हे कोण बघतो? पुढची जाळी, म्हणजे जिला केस गाठ मारून बांधलेले असतात ती, प्रेक्षकाला दिसली नाही म्हणजे झालं. ढिला असेल तर आत कापडाची घडी कोंबायची.

पुढे गिऱ्हाईक बदललं. परळला टाटा रुग्णालयात केमोथेरपी घेणाऱ्या बायका यायला लागल्या, चाई पडलेल्या मुली यायला लागल्या. त्यांना विग सकाळी आठला घालून रात्री आठला काढायचा होता, तोही मुंबईच्या दमट हवेत. आम्ही सवयीने त्यांनाही गम दिला आणि तो फसला. पाण्यात कालवलेला गम घामाने पांढरा पडून सुटतो. जास्त ताकदीचा गम टिकतो, पण उपचारांमुळे हळव्या झालेल्या कातडीवर त्याने पुरळ उठतं. तो काढायचं रसायन रोज वापरलं की जाळीच्या कडेच्या गाठी सैल होतात आणि पुढचेच केस, जे सगळ्यात नैसर्गिक दिसायला हवेत, ते आधी गळतात. त्यामुळे बिनगमच्या विगाकडे वळावंच लागलं. इथून पुढे आमचं सगळं शिक्षण एकाच गोष्टीचं झालं: लोक विग निवडताना कपाळाकडे बघतात, पण विगाला धरून ठेवतं ते मागचं डोकं. भूत मानगुटीवर बसतं म्हणतात. विगानेही तिथेच बसायला हवं.

हात डोक्यामागे नेऊन बघा. हाडाचा एक उंचवटा लागतो आणि त्याच्या खाली, मान सुरू होते तिथे खळगा असतो. विगाच्या आतली इलॅस्टिकची पट्टी या खळग्यात, उंचवट्याच्या खाली बसली की विगाला वर सरकायला वाट उरत नाही. हीच पट्टी अर्धा इंच वर, हाडावरच बसवली तर दोन तासांत घसरते. बाजारातल्या बऱ्याच तयार विगांत पट्टी असते, पण नेमकी चुकीच्या उंचीवर शिवलेली. आम्ही इंचभर रुंदीची पट्टी घेतो. त्याहून अरुंद असेल तर कातडीत रुतते. एका कानामागून दुसऱ्या कानामागेपर्यंत खळग्यातून टेप फिरवून जे अंतर येतं, त्यापेक्षा ती सुमारे दोन इंच आखूड ठेवतो. दोन्ही टोकांना हुक असतात, म्हणजे गिऱ्हाइकाला घरी इंचभर सैल-घट्ट करता येतं.

सुरुवातीला आमची समजूत अशी की गम नाही, तर टोपी, म्हणजे केस जिच्यावर बसवलेले असतात तो विगाचा पाया, घट्ट हवी. म्हणून आम्ही घेर अर्धा इंच कमी करून विग बनवले आणि ते सगळे परत आले. तक्रार दोन्ही बाजूंनी होती: डोकं दुखतं आणि विग वर चढतो. कारण साधं आहे. डोकं वर निमुळतं होत जातं. सगळ्यात रुंद घेरावर आवळलेली टोपी तिथे टिकत नाही, ती निमुळत्या भागाकडे सरकते. अंड्यावर रबर चढवून बघा. पुणेरी पगडी डोक्यावर राहते ती काय डिंकाने? मापाने राहते. आता आम्ही घेर मापाइतकाच धरतो आणि ओढ फक्त मागच्या पट्टीला देतो. कानावर लाल वळ उठला, तर विग लहान आहे.

मापं पाच घ्यायची. घेर: पुढच्या केसरेषेवरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्याच्या खालून. बायकांमध्ये तो बहुधा 21 ते 23 इंच भरतो, मधलं माप 22 च्या आसपास. मग कपाळापासून मानगुटीपर्यंत डोक्यावरून. मग कानापासून कानापर्यंत एकदा कपाळाच्या रेषेवरून आणि एकदा टाळूवरून. शेवटी मानेवरच्या केसांची रुंदी. तयार विग घेणारे फक्त घेर विचारतात, पण जास्त बिघाड दुसऱ्या मापात होतो. कपाळ ते मानगूट हे माप लांब झालं की वर बघितल्यावर मागची कड कॉलरला लागते, टोपी दुमडते आणि विग कपाळावर ढकलला जातो. माप आखूड झालं की विग दिवसभर मागे ओढला जातो आणि संध्याकाळी कपाळ दोन बोटं मोठं दिसतं. विग पुढे येतो की मागे जातो एवढं सांगितलंत, तरी आम्हाला न बघता निम्मं निदान करता येतं.

कानांपुढे येणाऱ्या जाळीच्या दोन जिभांकडे, ज्यांना इअर टॅब म्हणतात, आम्ही बराच काळ दुर्लक्ष केलं. त्यांच्या आत वाकणारी बारीक पट्टी असते. ती कानशिलाच्या वळणाप्रमाणे आत वाकवली की कड कातडीला टेकून राहते. पूर्वी आम्ही पोलादी तार घालायचो. घामाने ती गंजली आणि जाळीवर तांबूस डाग पडले. आता प्लॅस्टिकचा लेप असलेलीच घालतो. दोन्ही जिभा आरशात एका उंचीवर आहेत का, हे बघितल्याशिवाय विग नीट बसला असं समजू नका. तिरका विग सैल नसतानाही सरकतो.

पट्टीच्या जोडीला आतून पकड हवी. इथे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर काय आहे, त्यावर सगळं ठरतं. स्वतःचे केस असतील तर क्लिपा चालतात. पण रोज त्याच जागी लावलेली क्लिप तिथले केस ओढून पातळ करते, म्हणून जागा बदलायच्या. आणि मुळात केस विरळ होत असतील तर क्लिपा नकोतच, चाई पडलेल्यांना तर अजिबात नकोत. पूर्ण उघड्या कातडीवर सिलिकॉनच्या पट्ट्या उत्तम. कातडी कोरडी आणि स्वच्छ असेल तोवर त्या घट्ट धरतात, घाम आला की ओल्या साबणासारख्या सुटतात. अर्ध्या सेंटीमीटरचे खुंट आले तरी सिलिकॉनला पकड मिळत नाही. तिथे मखमलीचा दोन्ही बाजूंनी लव असलेला पट्टा विगाच्या आत, वेगळा घालायचा. तो डोक्यालाही धरतो आणि टोपीलाही. मुंबई-कोकणच्या घामात आमचा कौल मखमलीला. थोडं गरम होतं, पण निभावतं.

केमो घेणाऱ्या बाईला वर्षभरात तिन्ही अवस्थांतून जावं लागतं, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. केस बहुधा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत गळतात. केस असताना घेतलेलं माप नंतर सैल होतं, कारण दाट केसांची जाडी घेरात मोजलेली असते. म्हणून माप आणि रंग केस असताना बघून ठेवतो, पण पट्टी शेवटची शिवतो ती केस गेल्यावर. त्या दिवसांत कातडी दुखरी असते, तेव्हा आत पातळ सुती टोपी. मग काही महिने सिलिकॉन. उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत नवे केस दिसू लागतात, तेव्हा सिलिकॉन काढून मखमल. आता आम्ही आतल्या पकडी सुट्या ठेवतो, टाके उसवून बदलता येतील अशा. पूर्वी त्या पक्क्या शिवायचो आणि गिऱ्हाइकाला दुसरा विग घ्यावा लागायचा. धंद्याला ते बरं होतं, पण बरोबर नव्हतं.

यापुढचा मुद्दा वजनाचा, आणि इथे गिऱ्हाइकाशी वाद होतोच. सगळ्यांना लांब आणि दाट केस हवे असतात. कमरेपर्यंतचा दाट विग गमने राहील. बिनगमचा राहणार नाही, कारण लांब केसांचं ओझं मागे लटकतं आणि पुढची कड उचलली जाते. रोजच्या वापराला आम्ही 12 ते 14 इंच लांबी आणि 110 ते 120 टक्के घनता (टोपीवर केस किती दाट आहेत, त्याचा बाजारातला आकडा) सुचवतो. त्याहून दाट विग तसाही टोपासारखा दिसतो. पावसाळ्यात हे आणखी महत्त्वाचं, कारण माणसाचा केस भिजला की स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी आत शोषतो, वर साचलेलं वेगळं. टोपी सगळी हाताने गुंफलेली असेल तर हलकी आणि मऊ, पण कारागिराचे आठ-दहा दिवस जातात. मधला मार्ग असा: भांगाच्या जागी आणि पुढे हाताने गुंफलेली जाळी, मागे मशीनवर शिवलेल्या केसांच्या पट्ट्या. आमचे बहुतेक विग याच बांधणीचे. भांगात कुंकू भरणाऱ्यांनी कोरडी पूड टाळावी. ती जाळीच्या गाठींत शिरते आणि निघत नाही.

केस कुठले, हे विचारणारे थोडे. तिरुमला देवस्थान मुंडणाचे केस लांबीप्रमाणे प्रतवारी लावून लिलावात विकतं. त्यांत मूळ आणि टोक एका दिशेला राहतात, याला बाजारात रेमी म्हणतात. दुसरा माल गुंत्याचा. गल्लीत केसांच्या बदल्यात भांडी देणारे जो गोळा करतात, तो कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी सोडवला जातो. त्यात उलटसुलट केस मिसळतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात. म्हणून आम्लात खवले काढून वर सिलिकॉन चढवतात. दुकानात असा विग जास्तच चमकतो. चार धुण्यांत लेप जातो आणि गुंता होतो. पारख अशी: एक बट चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोटं फिरवा. खवले शाबूत असतील तर किंचित खरखर लागते. दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत लागलं तर जपून. जळणीची परीक्षा फक्त नायलॉन ओळखायला उपयोगी. माणसाच्या केसाची राख चुरते, नायलॉनची गोळी होते. जानेवारी 2022 मध्ये कच्च्या मानवी केसांच्या निर्यातीवर सरकारी निर्बंध आले, पण गिऱ्हाइकाने भाव विचारण्याआधी ही बट चोळून बघणं जास्त कामाचं.

2020 च्या टाळेबंदीत दुकान बंद, पण उपचार थांबले नव्हते. फोनवर माप घ्यायला शिकवणं तेव्हा सुरू झालं आणि कळलं की लोक टेप मागे फार वर धरतात, घेर हमखास अर्धा इंच कमी येतो. तेव्हापासून आम्ही आधी सुतळी खळग्यातून फिरवायला सांगतो, मग ती मोजपट्टीवर मोजायला. प्रत्येक माप तीनदा. तीन वेळा तीन आकडे आले तर सुतळी सरकतेय.

विग घालून आरशासमोर उभं राहणं ही परीक्षा नव्हे. खाली वाकून चप्पल उचला. छताकडे बघा. भुवया उंच करा, काहीतरी चावा: चावताना कानशिलाचा स्नायू हलतो आणि ढिल्या जिभा वर चढतात. खुर्चीच्या पाठीला डोकं टेका. पुण्याची गिऱ्हाइकं हेल्मेट घेऊनच येतात, ते शहाणपणाचं. हेल्मेट काढताना विगही निघतो, म्हणून मध्ये सॅटिनची पातळ टोपी घालायची आणि हेल्मेट मागे न ओढता सरळ वर उचलायचं, एक हात मानगुटीवर.

घसरणाऱ्या विगांपैकी पुष्कळांचं कारण विगात नसतंच, ते खोबरेल तेलात असतं. तेल लावायची सवय सुटत नाही आणि तेलकट डोक्यावर मखमल असो की सिलिकॉन, काही धरत नाही. तेल रात्री लावा, सकाळी धुऊन पूर्ण वाळवा. तेलाने इलॅस्टिकही फुगून मरतं. रोजच्या वापरात पट्टी सहा-आठ महिन्यांनी बदलावी लागते. ताणून सोडल्यावर ती पटकन जागेवर आली नाही, तर वेळ झाली. विग कोमट पाण्यात, न चोळता धुवा. कंडिशनर गाठींना लावू नका, नाहीतर गाठ सुटते.

एक गोष्ट आम्हाला अजून जमलेली नाही: अंबाडा. बिनगमच्या विगात केस वर घेतले की मानेवरची कड आणि पट्टी उघडी पडते. मानेवर खालच्या दिशेने आखूड केसांची एक ओळ गुंफून बघितली. सैल, खाली बांधलेल्या अंबाड्यात तिने कड झाकली जाते, नऊवारीवरच्या उंच खोप्यात झाकली जात नाही. शिवाय गजऱ्याचे आकडे जाळीत टोचले तर ती फाटते. ते मशीनच्या पट्टीतच अडकवावे लागतात. लग्नसराईत खोपा मागणाऱ्यांना सध्या आम्ही मानेवरच्या खालच्या वेणीचं सुचवतो, आणि त्या वेणीत जुनं गंगावन गुंफून देतो.